उदाहरणादाखल

"बाई, जरा आणखी चिडा ना," मोबाइलच्या स्टँडमागून धाकटा म्हणाला. "आत्ता तुम्ही नुसत्या दमलेल्या दिसताय."

"मी दमलेलीच आहे," बाई म्हणाल्या. "आणि मला काही दिसत नाहीये. माझा चष्मा दे आधी."

"तोच तर नकोय. तो फार साधा आहे. हा बघा कसा शोभतो."

हा म्हणजे काळ्या जाड फ्रेमचा, काचा नसलेला चष्मा. शिवाय हातात लाकडी पट्टी. बाईंनी उभ्या आयुष्यात पट्टी फक्त रेघा मारायला वापरली होती, पण कडक मास्तरीण म्हटली की पट्टी आलीच, असं धाकट्याचं म्हणणं. समोरच्या बाकावर संध्याकाळच्या बॅचची मिस बसली होती. एरवी ती शिकवायची. व्हिडिओत मात्र ती विद्यार्थिनी व्हायची, इंग्रजी वाक्य चुकवायची, बाई तिच्यावर डाफरायच्या, आणि मग मिस कॅमेऱ्याकडे वळून गोड हसत सांगायची की मित्रांनो, अशा लोकांना घाबरू नका, बिनधास्त बोला, व्याकरण गेलं चुलीत. त्यानंतर क्लासचा फोन नंबर यायचा.

अशा लोकांना म्हणजे बाईंना. पहिल्या व्हिडिओच्या वेळी हे वाक्य ऐकून बाईंना कसंसंच झालं होतं. आता सवय झाली होती.

धाकटा हा त्यांचाच जुना विद्यार्थी. दोघे भाऊ एकाच वेळी शाळेत त्यांच्या हाताखाली होते. थोरला हुशार निघाला, दूर देशी गेला, आणि याला धाकटा हे नाव जे चिकटलं ते टक्कल पडलं तरी सुटलं नाही. त्या काळी बाईंचा एक धडा गावभर प्रसिद्ध होता. इंग्रजीत काही क्रियापदं अशी आहेत की ती एकमेकांच्या पायात पाय घालतात. उसनं देण्याचं वेगळं आणि उसनं घेण्याचं वेगळं, आपण उठायचं वेगळं आणि दुसरं काही उचलायचं वेगळं. सगळ्यांत वाईट म्हणजे लाय आणि ले. एक स्वतः आडवं होण्याचं, दुसरं एखादी वस्तू आडवी ठेवण्याचं, आणि पहिल्याचा भूतकाळ दिसायला हुबेहूब दुसऱ्याच्या वर्तमानकाळासारखा. भल्याभल्यांची दांडी तिथे गुल होते. बाई हे फळ्यावर लिहून देत नसत. वर्गातल्या कुणाला तरी उभं करायच्या आणि करून घ्यायच्या. लेंड म्हटलं की पेन द्यायचं, बॉरो म्हटलं की घ्यायचं. जो चुकेल त्याने बरोबर वाक्य येईपर्यंत तीच कृती करत राहायचं. धाकट्याने एकदा अख्खा तास दप्तर डोक्यावर उचलून काढला होता, आणि तरी राइझ कुठलं आणि रेझ कुठलं हे त्याला कळलं नव्हतं ते नव्हतंच.

पुढे त्याने इंग्रजी बोलायला शिकवणारा क्लासच विकत घेतला. बाई तिथे सकाळची बॅच घ्यायच्या. ती हळूहळू ओसरली, आणि एक दिवस धाकट्याने त्यांना समोर बसवून, चहा मागवून, अगदी प्रेमाने सांगितलं, "बाई, राग मानू नका. आता फोनच सगळं दुरुस्त करून देतो. लोकांना व्याकरण नकोय, हिंमत हवीय. तुम्ही व्हिडिओत या. तुमच्यासारखा चेहरा मला शोधून मिळणार नाही."

हो म्हणण्याखेरीज बाईंपुढे काही नव्हतं. त्या स्वतःच्या भावाच्या घरी राहत. दोन खोल्या, पुढच्या खोलीत त्यांचा पलंग, आणि तो पलंग घर जागं व्हायच्या आत आवरून त्याचा सोफा करायचा, हा न बोललेला करार. भावजय वाईट नव्हती. पण दिवसभर घरात असणाऱ्या नणंदेकडे जिथे तिथे पाय अडखळल्यासारखं बघायची सवय तिला लागली होती. सकाळी नीट कपडे करून, पर्स घेऊन, "येते गं" म्हणून बाहेर पडता येणं ही बाईंची सगळी मिळकत होती. ती गेली असती तर त्या घरातलं एक जास्तीचं माणूस झाल्या असत्या.

आणि व्हिडिओ चालले. इतके चालले की खालच्या दुकानदाराने एकदा बाईंकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "मला मारू नका हां, माझी इंग्रजी कच्ची आहे." भावजयीला जिन्यात बायका थांबवून विचारू लागल्या. तेव्हापासून सकाळचा पहिला चहा बाईंच्या हातात येऊ लागला.

"आज थोडा बदल आहे," धाकटा म्हणाला. "आज शेवटी तुम्हीच चुकायचं. मिसला ओरडता ओरडता लाय आणि लेमध्ये तुमचीच गल्लत होते. मिस पकडते. तुम्ही एक क्षण थांबायचं, मग खांदे उडवायचे आणि म्हणायचं, 'चालतं.' बस. पट्टी टाकून द्यायची."

बाईंनी पट्टी या हातातून त्या हातात घेतली. मिस बाकावरून म्हणाली, "बाई, नको असेल तर मी दुसरं काहीतरी सुचवू का?"

"दुसरं काही सुचवू नकोस," बाई धाकट्याला म्हणाल्या, जणू बोलला तोच होता. "सांग कुठे बघायचं ते."

तरुणपणी नोकरीच्या मुलाखतीत बाई याच क्रियापदावर घसरल्या होत्या. समोरचे साहेब हसले, एकमेकांकडे बघून. त्यातल्या एकाची इंग्रजी तरी काय मोठी होती, पण तो खुर्चीत बसला होता आणि त्या उभ्या होत्या. ज्यांची भाषा आहे त्यांनी चूक केली तर ती लकब होते आणि आपण केली तर आपलं घराणं निघतं, हे बाईंना त्या दिवशी कळलं. आपल्या हाताखालून गेलेल्या एकाही पोरावर असं कुणी हसू नये, एवढ्यासाठी त्यांनी पुढचं आयुष्य या क्रियापदांमागे लावलं. असं त्या स्वतःला सांगत, आणि ते खोटं नव्हतं.

त्यांनी चूक केली. एका दमात, अगदी खरी. जन्मभर तीच चूक ऐकली असल्यामुळे ती कुठे अडखळते, कुठे नको इतक्या आत्मविश्वासाने पुढे जाते, सगळं त्यांना पाठ होतं. मग खांदे उडवून म्हणाल्या, "चालतं." धाकट्याने टाळ्या वाजवल्या. मिसनेही वाजवल्या, जरा उशिरा.

भावाच्या पायाचं बोट साखरेपायी काढावं लागलं होतं. जखम बांधायला रोज दुपारी एक सिस्टर घरी यायची. पस्तिशीची, अंगाने बारीक, हाताची चपळ. भावाशी थट्टा करायची. "काका, आज गोड खाल्लंत. मला जखम सांगते सगळं," म्हणायची आणि तो लहान पोरासारखा ओशाळायचा. भावजयीच्या हातचा चहा उभ्याउभ्या घ्यायची. बाईंशी मात्र कामापुरतं. बाईंना वाटायचं, असेल बुजत. त्यांच्याशी बुजणारी माणसं त्यांना नवी नव्हती.

नवा व्हिडिओ आला त्या दुपारी भावजयीला राहवलं नाही. सिस्टर जखमेवरचं जुनं कापड भिजवून सोडवत होती, तोवर भावजयीने फोन तिच्यासमोर धरला. "बघा ना सिस्टर, आमच्या ताई. आज तर कमालच केलीय."

फोनमधून बाईंचा आवाज आला, मग मिसचा, मग पुन्हा बाईंचा. "चालतं." पट्टी पडल्याचा आवाज. भाऊ पोट धरून हसला आणि पाय हलला म्हणून कळवळला.

सिस्टर हसली नाही. तिने जखम पुसली, मलम लावलं, पट्टी गुंडाळली, चिकटपट्टीची टोकं दाबली. हात धुतले. बाई तिला दार उघडून द्यायला गेल्या तेव्हा ती उंबऱ्याबाहेर जाऊन थांबली आणि मागे वळली.

"बाई, ते खरं आहे का?"

"काय?"

"तुम्ही म्हणालात ते. चालतं म्हणून. लाय म्हटलं काय आणि ले म्हटलं काय."

बाईंना गंमत वाटली. "अहो सिस्टर, ते नाटक आहे. लोकांना हसवायला. तुम्हाला इंग्रजी येतं की चांगलं."

"मी तुमच्या वर्गात होते," सिस्टर म्हणाली.

बाईंचा चेहरा खुलला. "हो का? आणि इतके दिवस बोलली नाहीस? कुठली बॅच तुझी?" तुम्हीचं तू कधी झालं ते त्यांना कळलंही नाही.

"बॅच राहू दे. तुम्ही मला बाकावर आडवं केलं होतं. लाय आणि ले चुकलं म्हणून. बरोबर येईपर्यंत उठायचं नाही म्हणालात." ती हळू आवाजात, जखमेबद्दल सांगावं तसं सांगत होती. "मला येईचना. मुलं हसत होती. तुम्ही पुढचा धडा सुरू केलात. मी तशीच. छताकडे बघत. डोळ्यांतलं पाणी कानात जात होतं, पण पुसायला हात उचलला तर सगळ्यांना कळलं असतं. घंटा झाली तेव्हा तुम्ही म्हणालात, जा, उद्या करून ये."

बाईंनी आठवायचा प्रयत्न केला. आडवी झालेली पोरं त्यांना कितीतरी आठवत होती. सगळी हसणारी.

"मग मला आडवी म्हणायला लागले," सिस्टर म्हणाली. "शाळेत, रस्त्यात, शिकवणीच्या दारात. ए आडवी. शाळा संपेपर्यंत. त्याचे आणखी काय काय अर्थ निघतात ते मला नंतर कळलं. त्यांना आधीच कळले होते."

"मला कुणी सांगितलं असतं तर..." बाई म्हणाल्या.

"तुम्ही ऐकलंत एकदा. व्हरांड्यात. हसलात."

जिन्यातून कुणीतरी पिशव्या घेऊन वर आलं. दोघी भिंतीला सरकल्या. ते माणूस गेल्यावर बाई म्हणाल्या, "अगं, लक्षात राहावं म्हणून करत होते मी. तुमच्या भल्यासाठी."

"राहिलं ना लक्षात. आजही माझं चुकत नाही." सिस्टरने पिशवीचा बंद खांद्यावर सारखा केला. "मी तुमच्यावर रागावले नाही इतकी वर्षं. खरंच. मला वाटायचं, तो शब्द फार मोठा असणार. त्याच्यावाचून माणसाचं काहीतरी अडत असणार. नाहीतर एवढ्यासाठी कोण कुणाला असं करील? मी मुलालाही तेच सांगते, चुकायचं नाही. आणि आज तुम्ही म्हणता, चालतं. खांदे उडवून. मग मी कशासाठी पडून राहिले होते तिथे?"

बाई दाराची कडी चाचपत राहिल्या. ती काही क्षण थांबली, कारण बाई उत्तर देतील असं तिला अजून वाटत होतं. मग जिना उतरून गेली.

त्या दिवशी बाईंना जेवण गेलं नाही. भावजयीने विचारलं, "ताई, बरं नाही का?" तर म्हणाल्या, "चहा जास्त झाला." खरं म्हणजे त्यांना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते समजत नव्हतं. आधी सिस्टरवर आला. इतक्यांना शिकवलं, एका मुलीला लागलं असेल, तर काय वर्गच बंद करायचा होता? मग धाकट्यावर. आणि मग हळूहळू, पाणी मुरावं तसा, स्वतःवर. नियम महत्त्वाचा असेल तर कालचं नाटक ही बेइमानी होती. नियम महत्त्वाचा नसेल तर ती मुलगी फुकट रडली. दोन्हीकडून आपणच सापडतो, हे काही केल्या सुटेना. आणि नियम महत्त्वाचा असूनही तिला आडवं करायची गरज नव्हती, हा तिसरा विचार आला तेव्हा तो सगळ्यांत वाईट वाटला. तो इतका साधा होता की कुठल्याही मूर्खाला सुचला असता.

दुसऱ्या सकाळी त्या क्लासमध्ये गेल्या आणि काचा नसलेला चष्मा हातात घेऊन म्हणाल्या, "मी आता चालतं म्हणणार नाही."

"अहो बाई, लोक त्याच एका शब्दावर फिदा आहेत," धाकटा म्हणाला. "आता कुठे गाडी चालायला लागलीय."

"तुझी गाडी. मला एक गोष्ट बोलायची आहे. ती टाक. त्यानंतर मला काढलंस तरी चालेल."

काढलं तर काय होईल ते त्यांना पक्कं माहीत होतं. पलंग, सोफा, आणि दिवसभर भावजयीचे अडखळणारे पाय. तरी त्या स्वतःचा चष्मा लावून बाकावर बसल्या. पट्टी घेतली नाही. मिसने हळूच त्यांच्यासमोर पाण्याचा ग्लास आणून ठेवला.

बाई बोलल्या. वर्गात बोलायच्या तशा, मुद्द्याला मुद्दा जोडून. नियम असतात, ते शिकावेत, शिकवावेत, त्यांची टिंगल करणारी माणसं बहुतेक वेळा नियम आधी स्वतः शिकून बसलेली असतात, असं म्हणाल्या. पण शिकवणाऱ्याने शब्द माणसापेक्षा मोठा केला की काय होतं, ते आता सांगते, म्हणाल्या. आणि त्यांनी ते सांगितलं. बाक, छत, कानात गेलेलं पाणी. वर्गातली मुलं तिला पुढे आडवी म्हणू लागली, हेही सांगितलं. ती आज सिस्टर आहे, माझ्याच भावाच्या पायाची जखम रोज बांधायला येते, तिचे हात किती हलके आहेत, हेही. अर्धवट उदाहरण बाईंनी जन्मात कधी दिलं नव्हतं. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून म्हणाल्या, "तिची मी माफी मागते."

मिस डोळे पुसत होती. धाकटा मोबाइल स्टँडवरून काढत म्हणाला, "बाई, हे तर सोनं आहे."

त्याने खाली वाद्यांचा हळवा आवाज घातला आणि नाव दिलं, बाईंची माफी. बाईंना कुणी काढलं नाही. उलट तो व्हिडिओ आधीच्या सगळ्या व्हिडिओंना मागे टाकून पुढे गेला. लोकांनी खाली रडणाऱ्या तोंडांची रांग लावली. अशा शिक्षिका आता होणे नाही, असं लिहिलं. कुणी आपापल्या मारकुट्या मास्तरांच्या आठवणी काढल्या. भावजय येता-जाता फोन उघडून वाचून दाखवत होती. "ताई, बघा, ही बाई म्हणते तुमच्या पाया पडावंसं वाटतं." बाई नको नको म्हणत ऐकत होत्या. त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं, आणि दुपारची वाट बघायची इतकी घाई त्यांना कधी झाली नव्हती. सिस्टर येईल. काही बोलणारही नाही कदाचित. पण तिने पाहिलं असेल.

ती रविवार धरून दोन दिवस आलीच नाही. सिस्टर घरोघर पाठवणाऱ्या तिच्या कार्यालयातून दुसरीच कुणीतरी आली, तिने पट्टी आवळून बांधली आणि भाऊ रात्रंदिवस कुरकुरला. सोमवारी दुपारी सिस्टर आली. भावजय दार उघडताच म्हणाली, "अगं बाई, तुम्हीच त्या होय? आम्हाला काही बोलल्याही नाहीत. ताईंनी काय सुंदर सांगितलंय तुमचं."

सिस्टर म्हणाली, "काकांना पाय वर घ्यायला सांगा."

आज थट्टा नव्हती. भावानेच एकदोनदा गोडाचा विषय काढून पाहिला आणि सोडून दिला. बाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. शेवटी त्यांना धीर धरवला नाही.

"पाहिलंस का तू?"

"माझ्या मुलाने पाहिलं," सिस्टर जखमेवर वाकूनच म्हणाली. "नववीत आहे तो. त्याच्या वर्गातल्यांनी त्याला दाखवलं. खाली कुणीतरी माझं नाव लिहिलंय. आमच्याच बॅचचा असणार. मग बाकीच्यांना आठवलं. घरी येऊन त्याने विचारलं, आई, आडवी म्हणजे तूच का?"

भावजयीच्या हातातला कप बशीवर वाजला.

"मी तुझं नाव कुठे घेतलं?" बाई म्हणाल्या.

"सिस्टर आहे म्हणालात. घरी येते म्हणालात. जखम कुठली तेही सांगितलंत. आमच्या कार्यालयात तीनच जणी घरी जातात. आता तिथेही बाकीच्या दोघी मी आत गेले की बोलायच्या थांबतात."

"मी माफी मागितली होती गं."

"मागितलीत," सिस्टर म्हणाली. "मला सोडून सगळ्यांकडे." तिने कापसाचा बोळा टाकला आणि पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "मी रोज दुपारी या खोलीत येत होते, बाई. चार पावलांवर. तुम्हाला माझ्याशी बोलता आलं असतं. पण तुम्हाला वर्ग लागतो. तुम्ही मला परत उदाहरण केलंत."

भावजय आत निघून गेली. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. बाईंना म्हणायचं होतं की मी ते काढून टाकायला सांगते, आत्ता सांगते. त्यांनी ते म्हटलंही. सिस्टर म्हणाली, "सांगा." तिच्या आवाजात काही नव्हतं. एव्हाना ते किती फोनांत जाऊन बसलं असेल ते दोघींनाही ठाऊक होतं.

"इकडे या," ती मग म्हणाली. "हात धुऊन या. साबणाने."

बाई हात धुऊन आल्या.

"जखम भरत आलीय. आता रोज कुणी यायची गरज नाही, घरच्या माणसाला जमेल. मी कार्यालयात तसं कळवते. बघा नीट. आधी हे औषध, आतून बाहेर पुसत यायचं. मग जाळीचं कापड. मग गुंडाळायचं, बोटांकडून घोट्याकडे. करा तुम्ही."

बाईंनी पट्टी घेतली. त्यांनी घोट्याकडून सुरुवात केली. चूक लक्षात आली तेव्हा त्या थांबल्या आणि खांदे आक्रसून वर बघितलं, ओरडा खायची तयारी असलेल्या माणसासारखं. सिस्टरने काही म्हटलं नाही. त्यांच्या हातातून पट्टी काढून घेतली, सोडवली, पुन्हा गुंडाळी केली आणि त्यांच्या हातात दिली.

"परत करा," ती म्हणाली.

दुसऱ्यांदा पट्टी सैल झाली. तिने पुन्हा सोडवली, पुन्हा दिली. आवाज चढवला नाही, उसासा टाकला नाही. तिसऱ्यांदा बाईंच्या हातावर आपला हात ठेवून तिने पहिला वेढा घालून दाखवला आणि हात काढून घेतला. बाईंनी उरलेले वेढे घातले, चिकटपट्टी दाबली.

"जमलं," सिस्टर म्हणाली. "लाल झालं, वास आला, तर डॉक्टरांकडे न्या. थांबू नका."

तिने पिशवी आवरली. चहा तसाच राहिला होता. दारापर्यंत बाई तिच्या मागे गेल्या. बोलायला त्यांच्याकडे सगळं होतं आणि कुठलंच क्रियापद हाताशी येईना. सिस्टरने चपला घातल्या, "काका, सांभाळा," असं आत बघून म्हणाली, आणि गेली.

धाकट्याने व्हिडिओ काढून टाकला, कुरकुरत का होईना. तोवर इतरांनी तो आपापल्या ठिकाणी टाकला होता, कुणी अर्धा, कुणी वर स्वतःचं नाव घालून. बाई दुसऱ्या दिवशी क्लासला गेल्या नाहीत. भावजयीने सकाळचा पहिला चहा भावाला दिला, आणि बाईंचा ओट्यावर झाकून ठेवला.

दुपारी बाईंनी साबणाने हात धुतले. मलम, जाळीचं कापड, पट्टी, सगळं एका ताटलीत घेऊन त्या भावाच्या पायाशी बसल्या. जुनी पट्टी सोडवली. आतून बाहेर पुसत आल्या. भाऊ दात आवळून छताकडे बघत पडला होता.

"दुखतंय का?" बाईंनी विचारलं.

"तू कर," तो म्हणाला.

त्यांनी बोटांकडून सुरुवात केली. मध्येच वेढा निसटला, तो सोडवून पुन्हा घातला. चिकटपट्टी दाबली. मग चष्मा वर करून, वाकून, कितीतरी वेळ त्या पायाकडे बघत राहिल्या.

"नीट झालं ना गं ताई?" भावाने विचारलं.

"काय माहीत," बाई म्हणाल्या, आणि त्याचा पाय दोन्ही हातांनी उचलून हळूच उशीवर ठेवला.